सीझरचा वारस ऑक्टेव्हियन: त्याच्या सत्तासंघर्षाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इ.स.पू. ४४ च्या मार्च महिन्यात रोममध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. त्याचा वारस तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि समुद्रापलीकडे शिकत होता. त्याच्याकडे पद नव्हतं, सैन्य नव्हतं, राजकारणाचा अनुभवही नव्हता. चौदा वर्षांनी भूमध्य समुद्राभोवतीच्या जगात त्याला आव्हान देणारं कोणी उरलं नाही. या वाटचालीतल्या पहिल्या वीस महिन्यांवर इथे मुद्दाम जास्त भर दिला आहे. माझ्या मते खरा निकाल तेव्हाच लागला होता.

ऑक्टेव्हियन सीझरचा मुलगा होता की भाचा?

दोन्ही नाही. तो सीझरच्या भाचीचा मुलगा. सीझरची बहीण ज्युलिया, तिची मुलगी आतिया आणि आतियाचा मुलगा हा. जन्म २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३. वडिलांचं घराणं रोमजवळच्या वेलित्रे गावचं, पैसेवालं पण खानदानी सरदारांमध्ये न मोडणारं. तो चार वर्षांचा असताना वडील वारले. आईने ल्युसियस मार्सियस फिलिप्पस या बड्या राजकारण्याशी दुसरं लग्न केलं. मुलगा काही वर्षं आजीकडे, म्हणजे सीझरच्या बहिणीकडे वाढला. ती गेली तेव्हा तिच्या अंत्यविधीचं भाषण या बारा वर्षांच्या नातवाने केलं.

ऑक्टेव्हियस, ऑक्टेव्हियन, सीझर, ऑगस्टस: ही सगळी एकाच माणसाची नावं का?

हो. जन्मनाव गायस ऑक्टेव्हियस. सीझरने दत्तक घेतल्यावर तो गायस ज्युलियस सीझर झाला आणि आयुष्यभर स्वतःला तेच म्हणवत राहिला. मूळ घराण्याची आठवण ठेवणारं 'ऑक्टेव्हियन' हे नाव त्याने स्वतः वापरलं नाही. ते वापरायचे त्याला कमी लेखणारे लोक, आणि पुढे इतिहासकार, कारण दोन सीझर वाचताना गोंधळ होतो. इ.स.पू. २७ मध्ये सेनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या सभेने, 'ऑगस्टस' ही पदवी दिली. आपण सोयीसाठी ऑक्टेव्हियनच म्हणू, पण त्या काळी सैनिकांच्या तोंडी 'सीझर' हेच नाव होतं, हे विसरलं तर पुढचं काहीच उलगडत नाही.

सीझरच्या मृत्युपत्रात नेमकं काय होतं?

हे मृत्युपत्र सीझरने इ.स.पू. ४५ च्या सप्टेंबरात केलं. खुनानंतर त्याच्या सासऱ्याच्या, पिसोच्या मागणीवरून ते मार्क अँटनीच्या घरी उघडलं गेलं. मालमत्तेचा तीन चतुर्थांश भाग ऑक्टेव्हियनला, उरलेला पिनारियस आणि पेडियस या दोन नातेवाइकांना. रोममधल्या प्रत्येक नागरिकाला ३०० सेस्टर्स आणि टायबर नदीपलीकडची बाग सर्व लोकांना खुली. शेवटी ऑक्टेव्हियनला आपल्या घराण्यात आणि आपल्या नावात घेत असल्याचं कलम होतं. दुय्यम वारसांमध्ये डेसिमस ब्रूटसचं नाव निघालं. हा खुनाच्या कटात सामील होता. ते वाचलं गेल्यावर लोकांचा संताप आणखी भडकला.

सीझरने याच मुलाला का निवडलं?

औरस रोमन मुलगा नव्हता; मुलगी ज्युलिया दहा वर्षांपूर्वीच वारली होती. जवळच्या रक्तातल्या पुरुषांमध्ये हा सर्वात तरुण आणि होतकरू. इ.स.पू. ४५ मध्ये सीझर स्पेनमध्ये लढत असताना हा आजारातून उठून, वाटेत जहाज फुटूनही, मोजक्या सोबत्यांसह त्याच्यापर्यंत पोहोचला. याचा सीझरवर ठसा उमटला असं प्राचीन लेखक सांगतात. इराणकडच्या पार्थिया राज्यावरच्या मोहिमेत त्याला सोबत न्यायचं होतं, म्हणून त्याला आजच्या अल्बेनियातल्या अपोलोनियाला पाठवलं. तिथे अभ्यास आणि जवळच्या सैन्यासोबत कवायत असा त्याचा दिनक्रम होता. त्याच वयाचा मार्कस अग्रिप्पा तिथे बरोबर होता. ही दोस्ती पुढे साम्राज्याच्या उपयोगी पडली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. मृत्युपत्रातून वारसाला पैसा आणि नाव मिळालं, सत्ता नाही. रोममध्ये सत्ता वारसाहक्काने देण्याची सोयच नव्हती. सीझरला आपला उत्तराधिकारी नेमायचा होता की फक्त घराण्याचं नाव चालू ठेवायचं होतं, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात.

मृत्युपत्र इतकं स्पष्ट होतं, मग झगडा कशाचा?

सीझरच्या जागेवर बसायला दुसरा माणूस तयारच होता. मार्क अँटनी त्या वर्षीचा कॉन्सल होता, म्हणजे राज्याच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) सीझरसोबत लढलेला, सैनिकांत मिसळणारा. खुनाच्या रात्रीच सीझरची विधवा काल्पुर्निया हिने नवऱ्याची कागदपत्रं आणि रोकड त्याच्या हवाली केली. पुढचे काही आठवडे 'सीझरच्या कागदांत असं लिहिलंय' म्हणत तो हुकूम काढत होता.

दुसरीकडे सीझरचे मारेकरी: मार्कस ब्रूटस (डेसिमस ब्रूटस वेगळा), कॅसियस आणि त्यांचे साथीदार. सेनेटने त्यांना माफी दिली होती, पण लोकांच्या रागामुळे त्यांना रोममध्ये राहणं अवघड झालं होतं. मधे सिसेरोसारखे ज्येष्ठ सेनेटर, ज्यांना सीझर गेल्याचा आनंद होता पण अँटनीची भीती होती. या तिन्ही बाजूंच्या हिशेबात अपोलोनियातला मुलगा कुठेच नव्हता.

घरच्यांनी त्याला वारसा नाकारायला सांगितलं होतं हे खरं आहे का?

खरं आहे. आईला भीती वाटत होती आणि सावत्र वडिलांनी पत्रं लिहून यात पडू नकोस असा सल्ला दिला. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सीझरला नुकतंच तेवीस वार करून मारलं होतं. त्याचं नाव घेऊन रोममध्ये शिरणं म्हणजे दोन्ही बाजूंचं वैर ओढवून घेणं.

तो दक्षिण इटलीतल्या ब्रुंदिसियम बंदराजवळच्या एका छोट्या ठिकाणी गाजावाजा न करता उतरला आणि अंदाज घेत पुढे निघाला. एप्रिलच्या उत्तरार्धात नेपल्सजवळ सिसेरोची गाठ पडली. सिसेरोचं त्या दिवसांतलं पत्र आजही वाचायला मिळतं: मुलगा माझ्याशी आदराने वागतो, त्याची माणसं त्याला सीझर म्हणतात, फिलिप्पस म्हणत नाही, म्हणून मीही म्हणत नाही. सावत्र बापाच्याच घरात मुलगा नव्या नावाने वावरतोय आणि घरचा कर्ता ते नाव उच्चारत नाही, एवढ्या एका ओळीत त्या घरातला ताण दिसतो. मे महिन्याच्या सुरुवातीला तो रोममध्ये आला आणि वारसा स्वीकारत असल्याचं त्याने जाहीर केलं.

अँटनीने पैसे दिले नाहीत, मग नागरिकांना ३०० सेस्टर्स त्याने कुठून वाटले?

अँटनीने त्याला ताटकळत ठेवलं, भेट दिली ती तुटकपणे, आणि सीझरचा पैसा सरकारी होता की खासगी हेच ठरायचं आहे म्हणून टाळलं. दत्तकविधानाला नागरिकांच्या सभेची रीतसर मंजुरी मिळणार होती, तीही त्याने अडवून धरली.

ऑक्टेव्हियनने स्वतःची मालमत्ता विकायला काढली. सीझरच्या श्रीमंत मित्रांनी मदत केली, दोन सहवारसांचे हिस्सेही कामी आले. पूर्वेच्या मोहिमेसाठी ठेवलेल्या निधीतला काही भाग त्याच्या हाती लागला असावा, असंही अनेक इतिहासकार मानतात. देणं सीझरचं, अडवणारा अँटनी आणि स्वतःचं विकून ते फेडणारा पोरगा असं चित्र रोमच्या रस्त्यारस्त्यावर उभं राहिलं. अँटनीची ही कंजुषी मला त्याची सगळ्यात महाग पडलेली चूक वाटते. वेळेवर थोडे पैसे सोडले असते, तर ऑक्टेव्हियनला कैवार घ्यायला गाऱ्हाणंच उरलं नसतं.

धूमकेतूची गोष्ट काय आहे?

जुलै ४४ मध्ये ऑक्टेव्हियनने सीझरच्या विजयाच्या स्मरणार्थ खेळ भरवले. त्या दिवसांत आकाशात सात दिवस धूमकेतू दिसला. हा सीझरचा आत्मा देवांत जाऊन मिळाल्याची खूण आहे, असं लोक म्हणू लागले. ऑक्टेव्हियनने सीझरच्या पुतळ्यावर तारा बसवला. इ.स.पू. ४२ मध्ये सेनेटने सीझरला देवत्व दिलं आणि त्यानंतर हा वारस नाण्यांवर स्वतःला 'देवपुत्र' म्हणवू लागला. अँटनीकडे पराक्रम होता, वय होतं, पद होतं. हे बिरुद त्याला कधीच लावता येणार नव्हतं.

युद्धाचा अनुभव नसलेल्या मुलामागे सैनिक का गेले?

नावामुळे आणि पैशामुळे. यातलं एकच कारण सांगणारं उत्तर अपुरं आहे.

सीझरचे निवृत्त सैनिक नेपल्सच्या आसपासच्या कंपानिया प्रदेशात जमिनी मिळून स्थायिक झाले होते. सीझरचे निर्णय रद्द झाले तर त्या जमिनी जातील ही धास्ती त्यांना होती, आणि आपल्या सेनापतीचे मारेकरी मोकळे फिरतात याची चीडही होती. ऑक्टोबर ४४ मध्ये ऑक्टेव्हियन कासिलिनम आणि कालातिया या वस्त्यांत गेला आणि प्रत्येक सैनिकाला ५०० दिनारी देऊ केले. सीझरने ठरवलेला सैनिकाचा वार्षिक पगार २२५ दिनारी होता. म्हणजे नुसत्या होकाराला दोन वर्षांहून जास्त पगार. सुमारे तीन हजार माणसं जमली. कुठलंही सरकारी पद नसलेल्या माणसाने खासगी सैन्य उभारलं होतं. कायद्याने हा सरळसरळ देशद्रोह.

नोव्हेंबरात तो ही माणसं घेऊन रोममध्ये शिरला, फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, भाषण केलं, सीझरच्या पुतळ्याकडे हात करून वडिलांचे मान मलाही लाभोत अशी शपथ घेतली, आणि त्याचा डाव फसला. अनेक सैनिकांना अँटनीशी लढायचंच नव्हतं, ते सूड घ्यायला आले होते. बरेच जण घरी परतले. इथे तो संपू शकला असता.

त्याला वाचवलं अँटनीच्या छावणीत घडलेल्या प्रकाराने. मॅसिडोनियातून आलेल्या पलटणींना अँटनीने ब्रुंदिसियमला माणशी १०० दिनारी देऊ केले. सैनिक हसले. त्याने शिस्तीसाठी काही सेंचुरियनांना, म्हणजे तुकड्यांच्या नायकांना, ठार केलं. ऑक्टेव्हियनची माणसं आधीपासून त्या छावणीत पत्रकं वाटत फिरत होती: इथे मरण आणि शंभर, तिकडे सीझरचा मुलगा आणि पाचशे. मार्शियन पलटण उठून त्याच्याकडे आली, मागोमाग चौथी. विजयानंतर माणशी ५,००० दिनारींचं वचनही त्याने दिलं. वर्ष संपायच्या आत त्याच्याकडे फक्त म्हातारे सैनिक नव्हते, कसलेल्या दोन सक्रिय पलटणी होत्या.

अँटनीचं एक वाक्य सिसेरोच्या भाषणात टिकून राहिलं आहे: 'पोरा, तुझं सगळं काही नावामुळेच आहे.' टोमणा म्हणून ते चांगलं आहे, पण अर्धंच खरं आहे. नाव पिनारियस आणि पेडियसच्याही जवळचं होतं. ते नाव गावोगाव नेऊन, पुढे पैसा ठेवून, एकदा तोंडघशी पडूनही पुन्हा मांडण्याची हिंमत याच्याकडे होती.

सिसेरोसारख्या अनुभवी माणसाने त्याला मदत का केली?

सिसेरोला अँटनी हा प्रजासत्ताकाचा कर्दनकाळ वाटत होता, आणि अँटनीला रोखायला सैन्य हवं होतं. सेनेटजवळ सैन्य नव्हतं, या मुलाजवळ होतं. नोव्हेंबर ४४ मध्ये ऑक्टेव्हियन सिसेरोला जवळजवळ रोज पत्रं पाठवत होता: रोमला या, पुन्हा एकदा देश वाचवा. बासष्टीतल्या, अडगळीत पडलेल्या राजकारण्याला असं लिहिण्यात केवढी समज होती! सिसेरो मित्राला कळवत होता की वयावर भरवसा वाटत नाही, मनात काय आहे कळत नाही. त्या पुतळ्यापुढच्या शपथेची बातमी ऐकून तर, असल्या माणसाकडून वाचवलं जाणं नको, असं तो लिहून बसला.

तरीही १ जानेवारी ४३ ला सेनेटमध्ये उभं राहून त्याने हमी दिली की हा तरुण आज जसा नागरिक आहे तसाच कायम राहील. सेनेटने ऑक्टेव्हियनला सेनेटरपद आणि सैन्याचा अधिकृत अधिकार दिला. बेकायदा सैन्य एका दिवसात सरकारी झालं.

सिसेरोला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्याच्यापुढे चांगला पर्याय नव्हता. आधी अँटनीला या मुलाकडून हरवायचं आणि मग मुलाला बाजूला सारायचं, हा त्याचा बेत तर्काला धरून होता. या तरुणाची स्तुती करावी, त्याला मान द्यावा आणि दूर करावं, असं तो बोलल्याचं डेसिमस ब्रूटसने त्याला पत्रातून कळवलं, आणि ते ऑक्टेव्हियनच्या कानावर गेल्याचंही. तर्कात खोट एवढीच की समोरचा माणूस तोच हिशेब उलट्या बाजूने मांडत होता, आणि सैन्य त्याचं होतं.

मुतिनाच्या लढाईत दोन्ही कॉन्सल कसे मेले? ऑक्टेव्हियनने मारवले का?

एप्रिल ४३ मध्ये अँटनी मुतिनाला, म्हणजे आजच्या मोदेनाला, डेसिमस ब्रूटसला वेढून बसला होता. सेनेटने नवे कॉन्सल हिर्टियस आणि पान्सा यांना ऑक्टेव्हियनसह पाठवलं. १४ एप्रिलच्या चकमकीत पान्सा जखमी झाला. २१ एप्रिलला अँटनी हरला, पण हिर्टियस लढताना पडला. दोन दिवसांत पान्साही गेला. गंमत नव्हे, घटनात्मक संकट: राज्याचे दोन्ही प्रमुख नाहीत आणि त्यांचं सैन्य सीझरच्या वारसाजवळ.

पान्साच्या वैद्याला विषप्रयोगाच्या संशयावरून पकडलं होतं, त्यामुळे अफवा तेव्हाच उठली. पुरावा नाही. लढाईत सेनापती मरत असत, जखमा चिघळत असत. मी याला नशीबच म्हणेन, पण मिळालेली संधी त्याने एक दिवसही वाया घालवली नाही. सीझरच्या मारेकऱ्याला, म्हणजे डेसिमसला, मदत करायला त्याने नकार दिला आणि तो सैन्यासह जागेवर बसून राहिला.

एकोणिसाव्या वर्षी तो कॉन्सल कसा झाला?

तलवारीच्या जोरावर. मुतिनानंतर सेनेटला वाटलं, आता मुलाची गरज संपली. विजययात्रेचा मान डेसिमसला दिला, सैनिकांना कबूल केलेल्या रकमेत काटछाट सुरू केली. सैनिकांचं हित आणि ऑक्टेव्हियनचं हित सेनेटने स्वतःच्या हाताने एकत्र बांधलं.

चारशे सैनिकांचं शिष्टमंडळ रोमला गेलं आणि त्याच्यासाठी कॉन्सलपद मागितलं. या पदासाठी किमान वय बेचाळीस. सेनेट टाळाटाळ करू लागली, तेव्हा कॉर्नेलियस नावाच्या सेंचुरियनने अंगावरचा झगा सारून तलवारीची मूठ दाखवली: तुम्ही केलं नाही तर ही करेल. ही हकिकत रोमन चरित्रकार सुएटोनियस देतो. त्यानंतर ऑक्टेव्हियन आठ पलटणींसह रोमवर चालून आला. सीझरने सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडून असंच बंड केलं त्याला सहाच वर्षं झाली होती. प्रतिकार झाला नाही. १९ ऑगस्ट ४३ ला तो कॉन्सल झाला, विसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. खजिन्यातून सैनिकांचं देणं भागवलं, दत्तकविधान अखेर रीतसर मंजूर करून घेतलं आणि सहकारी कॉन्सल पेडियसच्या नावाने कायदा करून सीझरच्या मारेकऱ्यांना गुन्हेगार ठरवलं.

मग त्याच अँटनीशी त्याने हातमिळवणी का केली?

ब्रूटस आणि कॅसियस यांनी तोवर पूर्वेकडे प्रचंड सैन्य जमवलं होतं, आणि पश्चिमेकडे सीझरचा जुना सेनापती लेपिडस अँटनीला जाऊन मिळाला होता. दोघांशी एकट्याने लढणं शक्य नव्हतं. शिवाय दोन्हीकडचे सैनिक सीझरचेच. त्यांना एकमेकांवर शस्त्र उचलायचं नव्हतं. नोव्हेंबरात बोनोनियाजवळ (आजचं बोलोन्या) नदीतल्या एका बेटावर तिघे भेटले. २७ नोव्हेंबर ४३ ला कायदा होऊन या त्रिकूटाला पाच वर्षांसाठी जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. वाटणीत ऑक्टेव्हियनच्या वाट्याला आफ्रिका, सिसिली आणि सार्डिनिया आले. त्या समुद्रावर सेक्स्टसचं, म्हणजे सीझरचा जुना शत्रू पॉम्पी याच्या मुलाचं, आरमार फिरत होतं, म्हणजे वाटा तिघांत सगळ्यात कमकुवत.

ठार मारायच्या माणसांच्या याद्या खरोखर निघाल्या होत्या?

निघाल्या, आणि या प्रकरणावर कोणी पांघरूण घालू नये. यादीत नाव आलेल्या माणसाला कोणीही ठार मारावं, मालमत्ता जप्त, शीर आणून देणाऱ्याला इनाम, आणि आणणारा गुलाम असेल तर त्याला स्वातंत्र्य. इतिहासकार आप्पियनच्या मते सुमारे ३०० सेनेटर आणि २,००० अश्वपथकी वर्गातले श्रीमंत यात होते. सगळे काही मेले नाहीत. अनेक जण पळून सेक्स्टसकडे पोहोचले. काहींना बायकांनी, काहींना गुलामांनी जीव धोक्यात घालून लपवलं. काहींना घरच्याच माणसांनी पकडून दिलं.

सूड हे एक कारण. दुसरं कारण पैसा: पलटणींना दिलेली वचनं पाळायला खजिन्यात काही नव्हतं. तिघांनी एकमेकांना आपापली माणसं देऊन टाकली. अँटनीने मामाचं नाव घालू दिलं, लेपिडसने भावाचं. ते दोघे पुढे वाचले. ऑक्टेव्हियनने सिसेरोला दिलं. तो दोन दिवस अडून बसला होता असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. ७ डिसेंबरला फॉर्मियाजवळ पालखीतून पळताना सिसेरोला गाठून मारलं आणि त्याचं शीर आणि हात रोममध्ये त्याच भाषणाच्या चौथऱ्यावर लावले जिथून तो बोलत असे.

सुएटोनियस म्हणतो की ऑक्टेव्हियनने सुरुवातीला विरोध केला, पण काम सुरू झाल्यावर तो बाकी दोघांहून कठोर निघाला. नंतरच्या शांततेच्या आणि भव्य इमारतींच्या काळाकडे बघून हा वीस वर्षांचा मुलगा विसरला जातो. मला तो विसरणं मान्य नाही.

तो चांगला योद्धा होता का?

नव्हता. इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरात ग्रीसमध्ये फिलिपीला ब्रूटस आणि कॅसियस यांच्याशी झालेल्या पहिल्या लढाईत तो आजारी होता. ब्रूटसच्या सैन्याने त्याची छावणी लुटली आणि हा दलदलीत लपून वाचला. विजय अँटनीचा. सेक्स्टसकडून समुद्रात त्याने वाईट मार खाल्ला. अखेर ३ सप्टेंबर ३६ ला नाउलोखसला अग्रिप्पाने ते युद्ध जिंकून दिलं. आपल्याला काय जमत नाही ते ओळखून, ज्याला जमतं त्याच्या हाती ते सोपवण्याची शहाणीव मात्र त्याच्याकडे लहानपणापासून होती.

फिलिपीनंतर सत्ता थेट त्याच्याकडे आली का?

नाही. अँटनी पूर्वेला गेला आणि इटलीतलं सर्वात नावडतं काम याच्याकडे राहिलं: अठरा शहरांच्या जमिनी काढून हजारो सैनिकांना वाटायच्या. शेतकरी देशोधडीला लागले. अँटनीचा भाऊ ल्युसियस आणि बायको फुल्व्हिया यांनी या असंतोषावर युद्ध उभं केलं. पेरुसिया शहराला वेढा घालून, उपासमार करून ऑक्टेव्हियनने ते इ.स.पू. ४० मध्ये मोडलं. त्याच वर्षी अँटनीशी तह झाला आणि ऑक्टेव्हियनची बहीण ऑक्टेव्हिया अँटनीला दिली. इ.स.पू. ३६ मध्ये लेपिडसने सिसिलीवर हक्क सांगितला, तेव्हा त्याचे सैनिक फितवून त्याला सत्तेबाहेर काढलं. धर्मगुरूचं पद तेवढं ठेवलं. उरले दोघे.

सीझेरियनला का मारलं?

इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिचा हा मुलगा सीझरचा असल्याचं ती सांगत असे. इ.स.पू. ३४ मध्ये तिच्या राजधानीत, अलेक्झांड्रियात, झालेल्या सोहळ्यात तिच्याशी हातमिळवणी केलेल्या अँटनीने त्याला सीझरचा खरा पुत्र म्हणून जाहीर केलं. ऑक्टेव्हियनचं सगळं राजकारण 'मी सीझरचा मुलगा' या एका वाक्यावर उभं होतं. दत्तक मुलापुढे रक्ताचा मुलगा उभा करणं हा थेट त्याच्या पायावरचा घाव होता.

त्याने युद्ध पुकारलं ते अँटनीविरुद्ध नव्हे, क्लिओपात्राविरुद्ध, म्हणजे यादवी म्हणायला नको. त्याआधी वेस्टा देवीच्या पुजारिणींकडे ठेवलेलं अँटनीचं मृत्युपत्र मिळवून ते त्याने सेनेटमध्ये वाचून दाखवलं. २ सप्टेंबर ३१ ला आक्टियमची नाविक लढाई अग्रिप्पाने जिंकली. १ ऑगस्ट ३० ला अलेक्झांड्रिया पडलं, अँटनी आणि क्लिओपात्रा यांनी जीव दिला. सीझेरियन सतरा वर्षांचा होता. फार सीझर असणं बरं नव्हे, असा सल्ला ऑक्टेव्हियनला तत्त्वज्ञ आरियसने दिल्याचं प्लुटार्क सांगतो. मुलाला मारण्यात आलं, जवळजवळ त्याच वयात ज्या वयात ऑक्टेव्हियनने वारसा स्वीकारला होता.

शेवटी तो राजा का झाला नाही?

सीझरचं काय झालं ते त्याला माहीत होतं. जानेवारी २७ मध्ये त्याने अधिकार सेनेटला परत केल्याचं जाहीर केलं आणि सेनेटने सैन्य असलेले बहुतेक प्रांत पुन्हा त्याच्याकडे सोपवले. निवडणुका, कॉन्सल, सेनेट सगळं चालू राहिलं. सैनिकांना पगार मात्र तोच देत होता. इ.स. १४ च्या १९ ऑगस्टला, म्हणजे पहिल्या कॉन्सलपदाच्याच तारखेला, तो नोला इथे वारला.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध येतो का?

येतो, व्यापारातून. इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रातून भारताकडे येणारी जहाजं खूप वाढली. तेव्हा इजिप्तच्या एका बंदरातून १२० जहाजं भारताकडे जात, असं त्या काळातला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. भारतातल्या राजांकडून आपल्या दरबारी राजदूत आले, हे ऑगस्टसने स्वतःच्या शिलालेखात अभिमानाने नोंदवलं आहे. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-पुस्तिकेत पैठण, तगर म्हणजे तेर, कल्याण आणि सोपारा यांची नावं येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती याच व्यापाराची खूण आहे.

आपल्याला हे कळतं कुठून, आणि कोणावर किती विश्वास ठेवावा?

इ.स.पू. ४४ आणि ४३ साठी सिसेरोच्या पत्रांना तोड नाही. ती त्या त्या दिवशी लिहिलेली आहेत, पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. त्याची भाषणं मात्र वकिली आहेत, अँटनीबद्दलचा त्यातला शब्द पारखून घ्यावा. आप्पियन, प्लुटार्क, सुएटोनियस आणि कॅसियस डिओ यांनी शंभर-दीडशे ते अडीचशे वर्षांनंतर लिहिलं. दमास्कसचा निकोलॉस समकालीन होता, पण ऑगस्टसच्या बाजूचा.

ऑगस्टसचा आत्मवृत्तपर शिलालेख आजच्या अंकारातल्या मंदिराच्या भिंतींवर सर्वात पूर्ण रूपात टिकला आहे. त्याची सुरुवातच अशी: एकोणीस वर्षांचा असताना मी स्वतःच्या निर्णयाने आणि स्वतःच्या खर्चाने सैन्य उभं केलं आणि एका गटाच्या जाचातून प्रजासत्ताक मोकळं केलं. खासगी सैन्याचा गुन्हा इथे पहिला पराक्रम म्हणून येतो. त्या पूर्ण मजकुरात अँटनीचं नाव नाही, ब्रूटसचं नाही, सिसेरोचंही नाही. म्हणून हा शिलालेख वाचावा तर शेजारी सिसेरोची पत्रं उघडी ठेवून.